भंडाऱ्याचा पिवळा, गुलालाचा लाल : डिजिटल छायाचित्रात उजेड आणि रंग नेमके टिपण्याची पद्धत

सोमवती अमावास्येला जेजुरीत उधळल्या जाणाऱ्या भंडाऱ्याची छायाचित्रे पाहिली, तर त्यांतल्या बऱ्याच चित्रांत एक दोष सारखा आढळतो. हळदीचा जो गडद, किंचित नारिंगीकडे झुकणारा पिवळा प्रत्यक्ष डोळ्यांना दिसतो, तो चित्रात लिंबू रंगाचा आणि सपाट झालेला असतो. कपाळावरची, खांद्यावरची आणि दीपमाळेच्या दगडावरची हळद वेगवेगळी न दिसता एकाच पिवळ्या डागात मिसळून जाते. मग घरी येऊन संगणकावर सॅच्युरेशन (रंगांचा भडकपणा) वाढवले जाते आणि तो पिवळा अधिक भडक, पण तितकाच निर्जीव होतो. हा दोष रंगाचा वाटत असला तरी त्याचे मूळ एक्सपोजरमध्ये, म्हणजे सेन्सरवर किती उजेड पडू दिला यात, असते, आणि शटर दाबण्यापूर्वी तो टाळला नाही तर नंतर पुरता दुरुस्त होत नाही. उजेड आणि रंग हे दोन स्वतंत्र विषय म्हणून शिकवले जातात. पण कॅमेऱ्याच्या आत ते एकच असतात. या लेखात दिलेली सारी पद्धत त्या एका गोष्टीवर उभी आहे.

रंग नेमका कुठे हरवतो

डिजिटल कॅमेऱ्याच्या सेन्सरला रंग कळत नाही. आपल्यावर किती उजेड पडला एवढेच त्याला मोजता येते. रंगाची माहिती मिळावी म्हणून त्याच्या प्रत्येक बिंदूवर लाल, हिरवी किंवा निळी अशी एक सूक्ष्म गाळणी बसवलेली असते. कोडॅक कंपनीतील ब्राइस बायर यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आणि १९७६ साली पेटंट मिळालेल्या या मांडणीत दर चार बिंदूंपैकी दोन हिरवे, एक लाल आणि एक निळा असतो. आजही बहुतेक कॅमेरे आणि फोन हीच मांडणी वापरतात. म्हणजे प्रत्येक छायाचित्र हे मुळात तीन वेगवेगळ्या मोजमापांचे मिश्रण असते, आणि या तिन्ही मोजमापांना आपापली कमाल मर्यादा असते.

हळदीचे उदाहरण घेऊ. जेपेग, म्हणजे कॅमेऱ्याने तयार करून दिलेल्या नेहमीच्या, चित्रात प्रत्येक रंगाची पातळी ० ते २५५ अशी मोजली जाते. समजा, योग्य एक्सपोजरमध्ये भंडाऱ्याच्या एका ठिपक्याचा लाल २२०, हिरवा १६० आणि निळा ३० आहे. आता एक्सपोजर एका स्टॉपने वाढले, म्हणजे उजेड दुप्पट झाला, तर हिरवा २२०च्या आसपास जातो. पण लालला वर जायला जागाच नसल्याने तो २५५वर अडकतो. लाल आणि हिरव्यातले अंतर कमी झाले की नारिंगी छटा जाते आणि लिंबू रंग उरतो. शिवाय लाल सगळीकडे २५५च असल्यामुळे हळदीच्या थरातले चढउतारही पुसले जातात. गुलालाच्या बाबतीत असेच घडते, फक्त तिथे लाल फारच लवकर कमाल मर्यादेला पोहोचतो आणि कपडा, गाल, मुठीतली पूड हे सारे एकाच रंगाचे दिसू लागते.

यावरून पहिला नियम निघतो : ज्या विषयात भडक रंग आहे, तिथे एक्सपोजर सरासरी उजेडावर न ठरवता, त्या रंगाच्या सर्वांत उजळ भागातले जे चॅनेल (लाल, हिरवे किंवा निळे मोजमाप) सर्वांत आधी भरते, त्यावर ठरवावे.

घरातून निघण्यापूर्वीची जुळवणी

कॅमेऱ्याच्या मेनूत चार गोष्टी एकदाच बदलून ठेवल्या की पुढचे काम सोपे होते.

पहिली, फाइलचा प्रकार. रॉ (सेन्सरच्या कच्च्या नोंदीच्या) स्वरूपात, किंवा रॉ आणि जेपेग अशा दोन्ही स्वरूपांत चित्रे घ्यावीत. जेपेगमध्ये प्रत्येक चॅनेलला ८ बिट, म्हणजे २५६ पातळ्या मिळतात. रॉमध्ये १२ किंवा १४ बिट, म्हणजे ४,०९६ किंवा १६,३८४ पातळ्या मिळतात. याहून महत्त्वाचे म्हणजे रॉ फाइलमध्ये व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढरे पांढरेच दिसावे म्हणून केलेली रंगांची जुळवणी, पक्का झालेला नसतो, तो नंतर कितीही वेळा बदलता येतो.

दुसरी, हिस्टोग्राम, म्हणजे चित्रात कोणत्या उजळपणाचे किती बिंदू आहेत हे दाखवणारा आलेख (डावीकडे गडद, उजवीकडे उजळ). बहुतेक कॅमेरे आरंभी फक्त एकच पांढरा आलेख दाखवतात. त्यात सरासरी उजेडाचा हिशेब असतो आणि त्यात हिरव्याचा वाटा सर्वांत मोठा धरलेला असतो, त्यामुळे एकटा लाल भरून वाहत असला तरी आलेख निर्धोक दिसतो. लाल, हिरवा आणि निळा असे तीन वेगळे आलेख दाखवणारा पर्याय शोधून तोच सुरू ठेवावा. कॅमेऱ्याच्या दृश्यदर्शकात उजळ भागांवर तिरप्या रेषा दाखवण्याची सोय असल्यास तीही सुरू करावी.

तिसरी, पिक्चर स्टाइल, म्हणजे जेपेगला रंगांचा कोणता ढंग द्यायचा याची निवड. कॅमेऱ्यात दिसणारा हिस्टोग्राम रॉ फाइलचा नसतो; तो कॅमेऱ्याने तयार केलेल्या जेपेग नमुन्याचा असतो. पिक्चर स्टाइल व्हिव्हिड (भडक) असेल तर हा आलेख रंग वाया गेल्याची हाकाटी उगाचच आधी पिटतो. न्यूट्रल किंवा तत्सम सौम्य स्टाइल निवडली म्हणजे आलेख खऱ्या स्थितीच्या अधिक जवळ जातो. पडद्यावर चित्र थोडे मरगळलेले दिसते, पण ते काम करण्यापुरते असते.

चौथी, पडद्याची चमक. ती ऑटोवर ठेवू नये. उन्हात पडदा स्वतःच उजळतो, चित्र छान दिसते आणि घरी आल्यावर ते अंधारे निघते. चमक मध्यम ठेवून निर्णय आलेखावर घ्यावा.

स्टॉप, अ‍ॅपर्चर (लेन्सचे छिद्र), शटर (उजेड आत येऊ देण्याचा वेळ) आणि आयएसओ (उजेडाला प्रतिसाद देण्याची पातळी) यांचे नाते बहुतेकांना ठाऊक असते, म्हणून त्यावर फार थांबत नाही. उजेड दुप्पट किंवा निम्मा होणे म्हणजे एक स्टॉप, एफ/५.६ वरून एफ/८ वर जाणे, १/२५० वरून १/५०० वर जाणे किंवा आयएसओ ४०० वरून २०० वर येणे, या तिन्हींचा परिणाम चित्राच्या उजळपणावर सारखाच होतो. मात्र रंगाच्या दृष्टीने आयएसओ शक्य तितका कमी ठेवणे हिताचे असते, कारण तो वाढला की उजळ भागातला वाव कमी होतो आणि सावलीतल्या रंगांत ठिपके शिरतात.

उजेड मोजण्याची रीत

कॅमेऱ्यातले मीटर समोरच्या वस्तूचा मूळ रंग ओळखत नाही; समोर जे काही आहे ते सरासरीने मध्यम करडे आहे असे गृहीत धरून ते एक्सपोजर सुचवते. वारीच्या वाटेवर पांढरी धोतरे, पांढऱ्या टोप्या आणि ढगाळ आभाळ यांनी चौकट भरली की मीटर त्या पांढऱ्याला करडे करते. काळ्या पाषाणातल्या मंदिराची भिंत चौकटभर घेतली तर तेच मीटर तिला धुरकट राखाडी करते. यावर उपाय एक्सपोजर कॉम्पेन्सेशनचा, म्हणजे मीटरच्या मापात हाताने काही स्टॉप वाढवण्या-घटवण्याचा आहे : पांढरे प्राबल्य असेल तर +२/३ ते +१, दाट धुके असेल तर +२/३ ते +१ १/३ आणि काळ्या दगडाची भिंत असेल तर −२/३ ते −१ अशी सुरुवात करावी आणि आलेख पाहून पुढे सरकावे.

पण वारीत अडचण निराळीच असते. पांढऱ्या टोपीखाली सावळा, रापलेला चेहरा असतो आणि दोन्ही हवे असतात. अशा वेळी स्पॉट मीटरिंग (चौकटीतल्या एका छोट्या भागापुरतेच मोजणे) निवडून गालावरचा उजेड मोजावा. सावळी त्वचा मध्यम करड्याच्या आसपास किंवा त्याहून अर्धा ते एक स्टॉप खाली असते; म्हणून मीटर जे सांगेल त्यातून अर्धा स्टॉप वजा करून चित्र घ्यावे आणि टोपीचे पांढरे शाबूत आहे का ते पाहावे. ते उडत असेल, म्हणजे त्यातला पोत पुसला जात असेल, तर आणखी १/३ स्टॉप खाली यावे. चेहरा नंतर थोडा उचलता येतो, टोपीवरच्या घड्या गेल्या तर परत आणता येत नाहीत. इथे एक मत मांडल्याशिवाय राहवत नाही : उन्हापावसात चालून आलेल्या माणसाला संगणकावर गोरा करणे ही एक्सपोजरची दुरुस्ती नव्हे, ती माणसाची चुकीची नोंद आहे. फोनमधली चेहरा उजळवणारी आणि गुळगुळीत करणारी सोय याच कारणासाठी बंद ठेवावी.

आता जेजुरीकडे परत येऊ, कारण तिथे मीटरवर विसंबणे सर्वांत धोक्याचे असते. पुढे रिकामी पायरी, क्षणात उधळलेला पिवळा ढग, लगेच पुन्हा काळा दगड, असा चौकटीतला मजकूर सेकंदासेकंदाला बदलतो आणि ऑटो एक्सपोजर त्याच्या मागे धावत राहते. उलट उजेड मात्र स्वच्छ उन्हात तासभर जवळजवळ तसाच असतो. म्हणून इथे मॅन्युअल मोड, म्हणजे तिन्ही मूल्ये हाताने ठरवणे, हाच सोपा मार्ग आहे. भर उन्हात एफ/१६ ला आयएसओ १०० आणि शटर सुमारे १/१०० ही जुनी, विश्वासू सुरुवात. तिच्यावरून उडती पूड गोठवण्यासाठी आयएसओ २००, एफ/८, १/८०० हे मूल्य निघते. उजेड तेवढाच, पण शटर पुरेसे वेगवान. या मापावर ऊन पाठीशी घेऊन एक नमुना चित्र घ्यावे, ते मोठे करून फक्त लाल आलेख पाहावा. लालचा डोंगर उजव्या भिंतीला टेकून चिरडलेला दिसत असेल तर शटर १/१००० करावे, तरीही टेकत असेल तर १/१२५०. लालच्या उजव्या बाजूला थोडीशी मोकळी जागा दिसली की ते माप कायम ठेवून निर्धास्तपणे माणसांकडे लक्ष द्यावे.

सूर्य समोर असेल, म्हणजे ऊन ढगाच्या पलीकडून येत असेल, तर हिशेब बदलतो. हवेतली बारीक पूड मागून आलेला उजेड पुढे फेकते आणि ढग आतून पेटल्यासारखा दिसतो. हे दृश्य सर्वांत देखणे असते आणि तेच सर्वांत जास्त वाया जाते. अशा वेळी आधीच्या मापापेक्षा १ ते १ १/३ स्टॉप कमी करावे. माणसे गडद आकृत्यांसारखी येतील, ती तशीच येऊ द्यावीत. हळद लेन्सच्या फटींत शिरते, म्हणून गडावर लेन्स बदलू नये, पुढे साधा यूव्ही फिल्टर लावावा आणि कॅमेऱ्याला प्लास्टिकची पिशवी घट्ट गुंडाळावी.

या ठिकाणी एका लोकप्रिय सल्ल्याबद्दल बोलणे भाग आहे. आलेख शक्य तितका उजवीकडे ढकलावा, म्हणजे सावलीतले ठिपके कमी होतात, असे सांगितले जाते. करड्या खडकांच्या, धुक्याच्या किंवा इमारतींच्या चित्राला ते लागू पडते. भंडारा, गुलाल, झेंडूच्या राशी, लाल शालू अशा विषयांत मात्र हा सल्ला तीन आलेख वेगळे न पाहता पाळला, तर नुकसानच होते. ठिपके कमी करणारी साधने आज चांगली आहेत; उडालेले चॅनेल परत आणणारे साधन नाही.

ऊन कोणत्या वेळी कसे असते

परदेशी मार्गदर्शकांत सूर्यास्ताआधीच्या सोनेरी प्रकाशाला एक तास दिलेला असतो. आपल्या अक्षांशावर सूर्य बराच सरळ खाली उतरतो. क्षितिजापासून सहा अंशांच्या उंचीवरून तो टेकेपर्यंत साधारण २५ ते ३० मिनिटे मिळतात आणि आडवा डोंगर असेल तर त्याहूनही कमी. म्हणून जागा, चौकट आणि माप आधी ठरवून ठेवावे लागते. मुंबईच्या अक्षांशावर मेच्या मध्यात आणि जुलैच्या अखेरीस दुपारचा सूर्य जवळजवळ थेट डोक्यावर येतो. तेव्हा डोळ्यांच्या खोबणीत काळ्या सावल्या पडतात आणि रंग फिके दिसतात. उन्हाळ्यातल्या दुपारी माणसाला पडवीत, झाडाखाली किंवा मांडवाच्या कडेला घ्यावे, जिथे उजेड बाजूने येतो. उघड्यावर घ्यावेच लागले तर दिवसाही फ्लॅश वापरावा आणि त्याची ताकद −१ १/३ च्या आसपास ठेवावी, म्हणजे सावली भरते पण फ्लॅश मारल्याचे जाणवत नाही.

व्हाइट बॅलन्स : यंत्राला कधी ऐकायचे, कधी नाही

प्रत्येक उजेडाला स्वतःचा रंग असतो आणि तो केल्विनमध्ये मोजतात. मेणबत्ती किंवा समई १,९०० केल्विनच्या आसपास, पिवळा बल्ब २,८०० ते ३,२००, दुपारचे ऊन ५,२०० ते ५,५००, ढगाळ आभाळ ६,००० ते ६,५०० आणि उघड्या आभाळाखालची सावली ७,००० ते ८,०००. आकडा जितका कमी तितका उजेड तांबूस, जितका जास्त तितका निळसर. ऑटो व्हाइट बॅलन्स या साऱ्यांना पांढऱ्याकडे ओढू पाहतो. बाजारात, रस्त्यावर किंवा वेगाने बदलणाऱ्या उजेडात तो उपयोगाचा असतो आणि रॉ फाइल असेल तर त्याची चूक नंतर सुधारता येते.

पण तीन प्रसंगी त्याला बाजूला ठेवावे. पहिला, जेव्हा उजेडाचा रंग हाच विषय असतो : सूर्यास्त, समईच्या उजेडातले देवघर, दिवाळीच्या पणत्या. इथे ऑटो तांबूसपणा पुसून टाकतो. डेलाइटचा (दिवसाच्या उन्हाचा) पर्याय निवडला की तो टिकतो. पणत्यांसाठी डेलाइट फारच लाल वाटला तर ३,५०० ते ४,००० केल्विन हाताने ठेवून पाहावे. दुसरा, जेव्हा चौकटीत एकच रंग भरलेला असतो : पावसाळ्यातला हिरवा डोंगर, पिवळा मांडव. हिरव्याला उजेडाचा दोष समजून कॅमेरा त्यात जांभळट छटा मिसळू शकतो. तिसरा, जेव्हा अनेक चित्रे एकमेकांशी जुळायला हवी असतात, उदाहरणार्थ विक्रीसाठी साड्यांची छायाचित्रे घेताना.

या तिसऱ्या प्रसंगी कस्टम व्हाइट बॅलन्स हा सर्वांत खात्रीचा उपाय आहे आणि तो अवघडही नाही. करड्या रंगाचे प्रमाणित कार्ड घ्यावे. ते बाजारात स्वस्तात मिळते. साडी जिथे मांडली आहे तिथेच, त्याच उजेडात, साडीच्या कोनात ते धरावे आणि चौकटीचा मधला भाग कार्डाने भरून एक चित्र घ्यावे. मग मेनूत कस्टम व्हाइट बॅलन्सच्या जागी जाऊन त्या चित्राची निवड करावी. काही कॅमेऱ्यांत चित्र न घेता थेट मापही घेता येते. उजेड बदलला, खिडकीवर ढग आला किंवा दिवा हलवला, की हे पुन्हा करावे. पांढरा कागद वापरण्याचा मोह टाळावा, कारण अनेक कागदांत चकाकी आणणारी द्रव्ये असतात आणि ते किंचित निळे दिसतात. रंगांचे चौकोन असलेले मोठे चार्ट मात्र बहुतेकांना अनावश्यक आहेत. पैठणी किंवा हिमरू ग्राहकाला दूरवर पाठवायची असेल आणि रंगावरून ती परत येण्याची भीती असेल, तरच तो खर्च सार्थ होतो. पैठणीच्या बाबतीत आणखी एक गोष्ट : उभा आणि आडवा धागा वेगळ्या रंगाचा असेल तर कोन बदलला की रंग बदलतो. अशा साडीचे एकच खरे चित्र असूच शकत नाही, म्हणून दोन कोनांतून दोन चित्रे द्यावीत. जरीवर थेट दिवा मारू नये. खिडकीला पांढरा पडदा लावून बाजूने येणारा मऊ उजेड द्यावा, म्हणजे जर चमकते पण फटफटीत पांढरी होत नाही.

पावसाळ्यातला हिरवा

सह्याद्रीत जुलै-ऑगस्टमध्ये घेतलेल्या चित्रांतला हिरवा बहुधा दोन प्रकारे बिघडतो. ओल्या पानांवर आभाळाचे प्रतिबिंब पडते, त्यामुळे पानांवर पांढरट-निळसर साय धरल्यासारखी दिसते. आणि संगणकावर सॅच्युरेशन वाढवल्याने उरलेला हिरवा विषारी पिवळट होतो. पहिल्या दोषावर पोलरायझर हा खरा उपाय आहे. हा फिल्टर निळे आभाळ गडद करण्यासाठी प्रसिद्ध असला तरी आपल्याकडे त्याचा मोठा उपयोग ढगाळ दिवशी ओल्या पानांसाठी, ओल्या कातळासाठी आणि भातखाचरांतल्या पाण्यासाठी होतो. तो हळूहळू फिरवत दृश्यदर्शकातून पाहावे. पानांवरची चकाकी विरून आतला हिरवा वर येतो तो क्षण स्पष्ट कळतो. त्यामुळे दीड ते दोन स्टॉप उजेड कमी होतो, तेवढी भरपाई आयएसओत करावी.

व्हाइट बॅलन्स क्लाउडीवर किंवा ५,८०० केल्विनच्या आसपास पक्का करावा. आभाळ निव्वळ पांढरे असेल तर ते चौकटीतून शक्य तितके वगळावे. त्यासाठी एक्सपोजर वाचवत बसले तर दरी काळी पडते. धबधबा चौकटीत असेल तर माप त्याच्या पांढऱ्या पाण्यावर ठरवावे. पाण्याचे रेशीम करायचे असेल तर १/४ सेकंद ते १ सेकंद शटर लागते, आणि त्यात पाण्याचा एकच भाग सतत उजळ राहिल्याने तो आधी उडतो. म्हणून एनडी फिल्टर (उजेड कमी करणारी करडी काच) लावूनही २/३ स्टॉप खाली राहावे.

कासच्या पठारावर अडचण जांभळ्याची असते. साताऱ्यापासून सुमारे २५ किलोमीटरवरच्या या पठारावर ऑगस्टच्या अखेरीपासून ऑक्टोबरच्या आरंभापर्यंत सीतेची आसवे, तेरडा, कवला अशी फुले बहरतात. त्यांतली जांभळी फुले चित्रात वारंवार निळी येतात. डोळ्याला जांभळ्यात जो लालसर अंश जाणवतो, तो कॅमेऱ्याच्या गाळण्या तशाच प्रमाणात पकडत नाहीत. शिवाय उन्हात निळे चॅनेल आधी भरते. म्हणून फुलावर आपली किंवा छत्रीची सावली पाडावी, −१/३ ते −२/३ कॉम्पेन्सेशन द्यावे, त्याच सावलीत करड्या कार्डाचे एक चित्र घ्यावे आणि उरलेला फरक संगणकावर फक्त जांभळ्या-निळ्या छटेपुरता सुधारावा. फुलाजवळ जाण्यासाठी पायवाट सोडू नये. लांब फोकल लेंथची (दूरचे जवळ आणणारी) लेन्स त्यासाठीच असते.

मंगल कार्यालयातला मिश्र उजेड

कार्यालयात खिडकीतून निळसर दिवसाचा उजेड, छतावर पांढऱ्या एलईडी पट्ट्या, स्टेजवर पिवळे हॅलोजन आणि सभोवती रंगीत कापड असते. या साऱ्यांना एकच व्हाइट बॅलन्स पुरत नाही, हे मान्य करूनच कामाला लागावे. नवरानवरीच्या चेहऱ्यावर जो उजेड आहे त्यालाच प्रमाण धरावे आणि मागची भिंत निळी-पिवळी झाली तर होऊ द्यावी. जमत असेल तर खिडकीचा पडदा ओढून घ्यावा किंवा स्टेजचे काही दिवे बंद करायला सांगावेत. एक प्रकारचा उजेड कमी केल्याने जे साधते ते नंतरच्या चार तासांच्या कामाने साधत नाही.

आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची असल्याने स्वस्त एलईडी आणि ट्यूबलाइट सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात. १/५०० सारखे शटर ठेवले तर एकामागून एक चित्रांचा उजळपणा आणि रंग बदलतो किंवा आडवे पट्टे येतात. शटर १/१०० किंवा १/५० ठेवले की हा दोष बराच मिटतो. कॅमेऱ्यात फ्लिकर (दिव्याचे हे कमी-जास्त होणे) टाळण्याची सोय असेल तर ती सुरू करावी. फ्लॅश वापरताना तो छतावर टाकायचा असेल तर आधी छताचा रंग पाहावा. पिवळ्या किंवा गुलाबी कापडावरून परतलेला उजेड त्वचेला तोच रंग देतो. पिवळ्या दिव्यांच्या स्टेजवर फ्लॅशला नारिंगी जेल (रंगीत पारदर्शक चकती) लावले तर पुढचा आणि मागचा उजेड जुळतो.

संगीताच्या कार्यक्रमातले गडद निळे आणि जांभळे एलईडी दिवे हा वेगळाच प्रश्न आहे. त्यांत जवळजवळ एकाच रंगाचा उजेड असल्याने त्वचेच्या लाल-हिरव्या अंशांची नोंद होतच नाही, मग ती नंतर कुठून आणणार? पांढरा दिवा चेहऱ्यावरून फिरण्याची वाट पाहावी, फ्लॅशने चेहऱ्याला थोडा उजेड द्यावा किंवा ते चित्र सरळ कृष्णधवल करावे.

फोनवर हेच कसे करावे

फोन स्वतःच अनेक चित्रे एकत्र करून उजळ आणि काळ्या भागांचा समतोल साधतो, त्यामुळे आभाळ आणि दरी दोन्ही दिसतात. पण भडक रंगांना तो आणखी भडक करतो. मुख्य विषयावर बोट दाबून धरावे, माप पक्के झाल्याची खूण दिसली की बाजूचा सूर्याचा ठिपका खाली ओढून, पिवळ्या किंवा लाल भागात पोत दिसू लागेपर्यंत चित्र गडद करावे. प्रो मोड असेल तर आयएसओ सर्वांत कमी, व्हाइट बॅलन्स हाताने आणि शक्य असल्यास रॉ. लेन्सवरचा बोटांचा तेलकट ठसा पुसणे हे यातले सर्वांत स्वस्त आणि सर्वांत जास्त विसरले जाणारे काम आहे. तो ठसा रंग धुरकट करतो.

संगणकावरचा क्रम

रॉ फाइल उघडण्यासाठी लाइटरूम चालते. मोफत हवे असेल तर डार्कटेबल किंवा रॉथेरपी पुरेसे आहे. क्रम मात्र पाळावा, कारण पुढची प्रत्येक पायरी आधीच्या पायरीवर अवलंबून असते. प्रथम प्रोफाइल (रंगांची मूळ मांडणी) निवडावे, आणि ते सौम्य असावे. मग व्हाइट बॅलन्स : करड्या कार्डाच्या चित्रावर टिपणीच्या साधनाने एकदा टिचकी मारून तेच मूल्य त्या उजेडातल्या सर्व चित्रांना द्यावे. त्यानंतर एकूण एक्सपोजर, मग उजळ भाग खाली, सावल्या गरजेपुरत्या वर. सावल्या फार उचलल्या की चित्राचा कणा जातो. काळे काहीतरी काळे राहू द्यावे.

रंगाला हात सर्वांत शेवटी लावावा. पूर्ण चित्राचे सॅच्युरेशन वाढवण्याऐवजी व्हायब्रन्स थोडा वाढवावा, कारण तो फिक्या रंगांना अधिक आणि आधीच भडक असलेल्यांना कमी वाढवतो. त्यानंतर रंगवार सुधारणा करावी : हळदीसाठी पिवळ्याची छटा किंचित नारिंगीकडे आणि पिवळ्याची चमक थोडी कमी, पावसाळी हिरव्यासाठी हिरव्याची छटा पिवळ्यापासून किंचित दूर आणि पिवळ्याचे सॅच्युरेशन कमी, गुलालासाठी लालची चमक खाली. हे बदल पाच-दहा अंकांपुरतेच असावेत. तयार प्रीसेटबद्दल (एका टिचकीत लागू होणाऱ्या बदलांच्या संचांबद्दल) माझे मत प्रतिकूल आहे, कारण ते कोणत्या उजेडासाठी बनवले आहेत हे आपल्याला ठाऊक नसते आणि आपल्या त्वचेला ते क्वचितच मानवतात.

हे सारे ज्या पडद्यावर पाहायचे तोच चुकीचा असेल तर श्रम फुकट जातात. पडद्याचा पांढरा बिंदू ६,५०० केल्विन, गॅमा (मधल्या छटांचा उजळपणा ठरवणारा आकडा) २.२ आणि चमक प्रति चौरस मीटर ८० ते १२० कँडेला अशी जुळवावी. कॅलिब्रेशनचे यंत्र विकत घेणे परवडत नसेल तर ओळखीच्या स्टुडिओकडून एकदा जुळवून घ्यावे. छापील चित्रे अंधारी येतात अशी जी तक्रार असते, तिचे कारण बहुतेक वेळा पडद्याची चमक कमालीची ठेवलेली असते हेच असते.

फोन आणि संकेतस्थळांसाठी फाइल एसआरजीबी या नेहमीच्या रंगव्याप्तीत (दाखवता येणाऱ्या रंगांच्या आवाक्यात) काढावी. अडोब आरजीबी ही रंगव्याप्ती मोठी असली तरी तिची सोय नसलेल्या ठिकाणी तेच चित्र फिके दिसते. छपाईसाठी लॅबकडे आधी चौकशी करावी आणि मोठा आकार छापण्यापूर्वी त्याच कागदावर ६ बाय ४ इंचांचे दोन-तीन नमुने मागवावेत : एक जसे आहे तसे, एक १/३ स्टॉप उजळ आणि एक २/३ स्टॉप उजळ. नमुने ट्यूबलाइटखाली न पाहता दिवसा खिडकीजवळ, एकमेकांशेजारी ठेवून पाहावेत आणि हळदीचा पोत ज्यात शाबूत आहे त्याच मापावर मोठी प्रत काढायला द्यावी.